आज्ञापत्रातील राज्यनीती, अर्थविचार आणि युद्धानुभव : एक चिकित्सा

प्रास्ताविक

मराठेशाहीच्या काळातील मराठी गद्य बखरी, करीने, महजर आणि पत्रव्यवहार यांनी समृद्ध आहे. मात्र राज्य कशाने टिकते आणि कशाने खचते याचा सलग व कारणमीमांसेसह विचार करणारे ग्रंथ त्यात विरळ आढळतात. अशा ग्रंथांत रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावाने परंपरेने ओळखल्या जाणाऱ्या 'आज्ञापत्रा'ला अग्रस्थान द्यावे लागते. इ. स. १७१५ च्या सुमारास करवीरच्या दरबारात सिद्ध झालेला हा ग्रंथ इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि मराठी या चारही विषयांच्या अध्यापकांना उपयोगी पडतो. तथापि वर्गात व व्यासपीठावर त्याचा वापर बहुधा एकाच रीतीने होतो. त्यातील दुर्ग, आरमार किंवा झाडे यांविषयीचा एखादा उतारा निवडला जातो आणि तो थेट शिवछत्रपतींच्या मुखी घातला जातो. या पद्धतीमुळे ग्रंथाचा गौरव होतो, परंतु त्याचे वाचन होत नाही.

प्रस्तुत लेखात 'आज्ञापत्र' हे एका अनुभवी, परंपरानिष्ठ प्रशासकाने आपल्या काळाच्या धोरणांवर केलेले भाष्य म्हणून तपासले आहे. त्यातील अर्थविचार, वतनविषयक भूमिका आणि युद्धानुभवावर आधारलेली सूत्रे पुढील शतकाच्या घटनांवर कितपत टिकतात, हा या विवेचनाचा मुख्य प्रश्न आहे.

ग्रंथाची पार्श्वभूमी

रामचंद्र नीलकंठ यांनी शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकसमयी, म्हणजे १६७४ मध्ये, अमात्यपद भूषविले. त्यानंतर संभाजी महाराज, राजाराम महाराज, महाराणी ताराबाई आणि करवीरचे दुसरे संभाजी महाराज अशा कारकिर्दी त्यांनी पाहिल्या. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला आणि राजाराम महाराज जिंजीकडे गेले. त्या वेळी महाराष्ट्रातील राज्यकारभार 'हुकूमतपन्हा' या अधिकाराने त्यांनीच सांभाळला. १७०७ मध्ये औरंगजेबाचा अहमदनगरजवळ मृत्यू झाला आणि शाहू महाराजांची सुटका झाली. छत्रपतींच्या घराण्यात सातारा व करवीर अशा दोन गाद्या निर्माण झाल्या. १७१४ मध्ये करवीरच्या दरबारातही सत्तांतर होऊन दुसरे संभाजी महाराज गादीवर आले.

'आज्ञापत्र' या सत्तांतरानंतरचे आहे, ही बाब महत्त्वाची ठरते. ग्रंथ राजाज्ञेच्या स्वरूपात असला, तरी त्यामागील मन ज्येष्ठ मंत्र्याचे आहे. राज्य उभारले जाताना, मोडताना आणि पुन्हा सावरताना ज्याने पाहिले, अशा माणसाला नव्या प्रयोगांपेक्षा झालेल्या चुकांची पुनरावृत्ती टाळणे अधिक निकडीचे वाटते. 'आज्ञापत्रा'तील परंपरानिष्ठेचे मूळ येथे आहे. एडमंड बर्क याने १७९० मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीवर टीका करताना पिढ्यांच्या संचित अनुभवाला अमूर्त सिद्धांतांहून श्रेष्ठ मानले. त्यापूर्वी सुमारे पाऊणशे वर्षे मराठी मुलखात तशाच वृत्तीने, परंतु अगदी वेगळ्या प्रयोजनाने, हा ग्रंथ लिहिला गेला. बर्क क्रांतीला उत्तर देत होता, तर अमात्य विघटनाला उत्तर देत होते.

साहुकार आणि राज्याचे अर्थकारण

साहुकारांविषयीचे प्रकरण हा या ग्रंथातील अर्थविचाराचा गाभा होय. साहुकारांमुळे राज्याला शोभा येते, मुलखात न मिळणारी वस्तू येते आणि संकटसमयी कर्जाऊ द्रव्य उभे राहते. म्हणून त्यांच्या मानमरातबास धक्का लागू नये, पेठा वसवाव्यात, परमुलखातील व्यापाऱ्यांना आश्वासन देऊन आणावे, अशी ही भूमिका आहे. सत्तेने व्यापाऱ्यावर अन्याय केला तर तो मुलूख सोडून जाईल आणि त्याच्याबरोबर द्रव्यही जाईल, हे व्यवहारज्ञान त्यामागे आहे. महसूल हा केवळ शेतसाऱ्यातून येत नाही, तर विश्वासातूनही येतो, हा विचार अठराव्या शतकाच्या प्रारंभी इतक्या स्पष्टपणे मांडला जाणे लक्षणीय आहे.

येथे शब्दार्थाची एक अडचण विद्यार्थ्यांसमोर उभी राहते. मराठवाड्यातील वाचकाला 'सावकार' म्हटले की गहाणखत, व्याज आणि हातची गेलेली जमीन आठवते. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेले दख्खनचे दंगे आणि त्यानंतर आलेला १८७९ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा यांनी या शब्दाला जो अर्थ दिला, तो अमात्यांच्या 'साहुकारा'ला लागू होत नाही. त्यांचा साहुकार हा पेठेतील व्यापारी आणि राज्याला द्रव्य पुरविणारा सराफ आहे. हा फरक वर्गात स्पष्ट केला नाही, तर ग्रंथ शोषणाचे समर्थन करतो असा गैरसमज होतो.

असे असले तरी या विचाराची एक मर्यादा सांगणे आवश्यक आहे. संकटसमयी कर्ज मिळते हे साहुकाराचे गुणवर्णन म्हणून येते, परंतु राज्याने किती कर्ज काढावे आणि ते कशातून फेडावे याची मीमांसा ग्रंथात तितक्या बारकाईने येत नाही. पहिल्या बाजीरावांच्या मोहिमांना कर्जाचे ओझे सतत जाचत राहिले, हे त्यांच्या पत्रव्यवहारातून सुविदित आहे. विस्तार करणाऱ्या राज्याची वित्तव्यवस्था आणि टिकून राहू पाहणाऱ्या राज्याची वित्तव्यवस्था यांत अंतर असते. अमात्यांनी विचार केला तो दुसऱ्या प्रकारच्या राज्याचा.

वतनदारांविषयीची भूमिका

ग्रंथातील सर्वांत धारदार भाष्य वतनदारांवर आहे. देशमुख, देशकुलकर्णी, पाटील ही मंडळी नावाने वतनदार असली, तरी वस्तुतः आपापल्या जागी लहान सत्ताधीशच असतात. आहे त्यावर त्यांचे समाधान नसते. परचक्र आले की वतन राखण्यासाठी ते शत्रूला मिळतात, असे निदान अमात्य करतात. तरीही त्यांना मुळासकट काढावे असे ते सुचवीत नाहीत. त्यांचे परंपरागत हक्क चालवावेत, पण रयतेवरील त्यांची सत्ता वाढू देऊ नये. त्यांना मायेत आणि धाकात अशा दोहोंत ठेवावे, असा मध्यम मार्ग ते सांगतात. नवी वतने व इनामे देण्याला मात्र त्यांचा ठाम विरोध आहे. सेवेचा मोबदला वेतनाने द्यावा. प्रत्येक सेवेबद्दल भूमी देत गेल्यास महसूल कमी होत जाईल आणि राज्य राज्य राहणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद आहे.

या भूमिकेतील अंतर्विरोध लक्षात घेतल्याशिवाय तिचे मोल कळत नाही. १६८९ नंतरच्या आणीबाणीत मोगल आणि मराठे दोघेही वतने व इनामे देऊन देशमुखांना व सरदारांना आपल्याकडे ओढीत होते. त्या काळात महाराष्ट्राचा कारभार चालविणारे स्वतः रामचंद्रपंतच होते, आणि बावड्याच्या घराण्याचा मुलूखही पुढे वंशपरंपरेनेच चालला. म्हणजे ज्या साधनाने राज्य वाचविले, त्याच साधनाविरुद्ध हा मंत्री उत्तरायुष्यात इशारा देतो. याला दांभिकता म्हणणे सोपे आहे, पण ते न्याय्य ठरणार नाही. युद्धकाळातील उपाय शांततेच्या काळात कायम राहिला तर तो रोग होतो, हे त्यांनी जवळून पाहिले होते. या प्रकरणातील कठोर स्वर अनुभवी माणसाच्या पश्चात्तापाचा वाटतो, तो यामुळे.

इशारा दिला गेला त्याच सुमारास साताऱ्याच्या गादीने नेमका उलट मार्ग स्वीकारला. १७१३ मध्ये पेशवेपदी आलेल्या बाळाजी विश्वनाथ यांनी सरदारांना शाहू महाराजांकडे वळविण्यासाठी मुलूखवाटणीचा आधार घेतला. १७१९ मध्ये चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्यावर सरंजामी व्यवस्था स्थिर झाली. या व्यवस्थेनेच मराठी सत्ता नर्मदेपार नेली, हे मान्य करावे लागेल. पण तिची किंमत कोणती होती, हे बीड जिल्ह्याच्या भूमीवरच पाहता येते. १७६३ मध्ये नागपूरचे जानोजी भोसले आणि मिरजेचे गोपाळराव पटवर्धन हे निजामअलीच्या पक्षात होते. जानोजींना मोठ्या जहागिरीचे वचन देऊन परत फिरविल्यानंतरच १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदावरीकाठी राक्षसभुवन येथे माधवराव पेशव्यांना विजय मिळाला आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. म्हणजे विजयाची पूर्वअटही मुलखाचे आश्वासन हीच होती. अमात्यांच्या निदानाला याहून स्पष्ट उदाहरण शोधण्याची गरज नाही.

या प्रकरणाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. अमात्य वतनाकडे राजाच्या आसनावरून पाहतात. वतनदाराने राजाशी काय करू नये हे ते सांगतात आणि रयतेला पीडा होऊ नये असेही म्हणतात. परंतु गावगाड्याच्या तळाशी असलेल्या बलुतेदारांचे, विशेषतः महार वतनाचे स्वरूप त्यांच्या चर्चेचा विषय होत नाही. वतन म्हणजे एका टोकाला सत्ता आणि दुसऱ्या टोकाला पिढीजात वेठ, हे सत्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक आणले तेव्हा राज्यव्यवहाराच्या पटलावर आले. मराठवाड्यात जहागिरी १९४९ मध्ये, तर इनामे हैदराबाद राज्याच्या १९५४ च्या कायद्याने संपुष्टात आणण्यात आली. ज्या प्रदेशाने वतन व जहागीर यांचा भार विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वाहिला, तेथील महाविद्यालयात हे प्रकरण शिकविताना ग्रंथाचे हे मौन उच्चारणे अध्यापकाचे कर्तव्य ठरते.

दुर्गविचार : गतयुद्धाचा धडा

दुर्गांविषयीचे प्रकरण हे ग्रंथातील सर्वाधिक तपशीलवार प्रकरण आहे. गड बांधण्यापूर्वी पाण्याची सोय पाहावी. एखादा झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात, तेव्हा खडक फोडून टाकी व तळी बांधावीत. गडाजवळ त्याहून उंच टेकडी असल्यास ती फोडावी किंवा तटबंदीत घ्यावी. गडाला एकच दरवाजा असणे हा दोष समजावा आणि चोरदिंड्या ठेवाव्यात. दारूखाना वस्तीपासून दूर असावा. हवालदार, सरनोबत, सबनीस व कारखानीस यांच्या ठरावीक वर्षांनी बदल्या कराव्यात, हा नियमही याच विचारातून येतो. गड एका माणसाच्या हाती फार काळ राहिला की तो राजाचा राहत नाही, ही वतनावरील टीकेचीच लष्करी आवृत्ती आहे.

या सूत्रांमागे प्रत्यक्ष युद्धाचा आधार आहे. १६९९ ते १७०५ या काळात औरंगजेब स्वतः सह्याद्रीतील गड घेत फिरला. सातारा १७०० मध्ये, पन्हाळा १७०१ मध्ये, विशाळगड १७०२ मध्ये आणि सिंहगड १७०३ मध्ये त्याच्या हाती आला. परंतु एकेका गडापायी बादशहाचे महिने आणि खजिना खर्ची पडला आणि त्याची पाठ फिरताच मराठ्यांनी बहुतेक गड परत मिळविले. दुर्ग हे राज्याचे सार आहे या अमात्यांच्या निष्कर्षाला त्यांच्या हयातीतील इतिहासाने पुष्टी दिली होती.

तथापि अनुभवातून आलेल्या ज्ञानाची मर्यादाही अनुभवाइतकीच असते. अमात्यांचा दुर्गविचार हा बचावाच्या युद्धाचा विचार आहे. त्यांच्यानंतर मराठी फौजा माळवा, गुजरात आणि दोआबात गेल्या. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे घडले, त्यात गडकोटांची कोणतीही मदत होणे शक्य नव्हते. पाटोदा तालुक्याला लागून असलेल्या जामखेड तालुक्यातील खर्डा येथे ११ मार्च १७९५ रोजी झालेल्या लढाईत दोन्ही पक्षांकडे युरोपीय पद्धतीने शिकविलेल्या पायदळ पलटणी होत्या. शिंद्यांकडील पलटणींचे नेतृत्व पेरॉन करीत होता, तर निजामाकडे रेमंड होता. पराभूत निजामाने खर्ड्याच्या किल्ल्याचा आश्रय घेतला आणि तेथेच कोंडला जाऊन त्याला तह करावा लागला. ज्या किल्ल्यात दाणापाणी आणि बाहेरून कुमक येण्याची खात्री नाही, तो आश्रयस्थान न राहता सापळा होतो, हे अमात्यांचे म्हणणे येथे सिद्ध झाले. मात्र निकाल किल्ल्याने नव्हे, तर मैदानातील तोफखान्याने व पायदळाने ठरविला, हेही तितकेच खरे. पुढे १८१८ मध्ये इंग्रजांच्या उखळी तोफांपुढे सह्याद्रीतील नामांकित गड काही महिन्यांत पडले आणि रायगडही त्याला अपवाद ठरला नाही. परंपरानिष्ठ लष्करी विचार मागच्या युद्धाचा धडा अचूक शिकवितो. पुढच्या युद्धाची तयारी त्यातून आपोआप होत नाही.

टोपीकर आणि आरमार

या मर्यादेला एक ठळक अपवाद आहे. टोपीकरांविषयी, म्हणजे पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच आदी युरोपीय व्यापाऱ्यांविषयी, अमात्यांनी जे लिहिले ते दूरदृष्टीचे आहे. इतर साहुकार हे केवळ साहुकार असतात, परंतु टोपीकरांच्या पाठीशी त्यांचे राजे असतात. त्यांच्या व्यापारामागे मुलूख घेण्याची इच्छा असते. म्हणून त्यांना समुद्रकाठी किंवा बंदराजवळ जागा देऊ नये. द्यावीच लागली तर ती मुलखाच्या आत, सखल ठिकाणी द्यावी आणि मजबूत इमारती बांधू देऊ नयेत, असे ते बजावतात. व्यापाराचे स्वागत करणारा हाच ग्रंथ व्यापाराच्या आडून येणारी सत्ता ओळखतो. या भेदातच त्यातील अर्थविचाराची प्रौढता दिसते.

आरमाराविषयीची सूत्रे याला जोडूनच वाचली पाहिजेत. आरमाराला ते राज्याच्या वेगळ्या अंगाचे स्थान देतात. गुराबा व गलबते फार मोठी किंवा फार लहान नसावीत. आरमाराचा खर्च बंदरांच्या उत्पन्नावर लादू नये, कारण तसे केल्यास खलाशी व अधिकारी व्यापाऱ्यांना नागवतील आणि बंदर ओस पडेल. खर्चाची नेमणूक मुलखाच्या महसुलातून असावी, हे त्यांचे म्हणणे आहे. सैन्याचा खर्च ज्या स्रोतावर टाकला जातो, त्या स्रोताचे शोषण सैन्याकडूनच होते, हा सार्वजनिक वित्तव्यवहाराचा नियम येथे अत्यंत साध्या शब्दांत सांगितला आहे.

पुढे काय झाले हे सर्वज्ञात आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध इंग्रजांची मदत घेतली. वॉटसन आणि क्लाईव्ह यांच्या ताफ्याने विजयदुर्ग घेतला आणि तेथील मराठी आरमार जळाले. आंग्रे हे आज्ञा न मानणारे सरदार होते हे खरे. त्यांचा बंदोबस्त करणे हा पेशव्यांचा अधिकारही होता. पण बेदिल सरदाराचा बंदोबस्त करण्यासाठी टोपीकरांनाच समुद्रावर मोकळे रान देणे, ही अमात्यांच्या दोन सूत्रांची एकाच वेळी झालेली पायमल्ली होती. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाकडे जाणारी वाट येथून सुरू होते असे म्हटल्यास ते अतिशयोक्त ठरू नये.

झाडांविषयीचा उतारा : एका वाचनाची चिकित्सा

आरमाराच्या प्रकरणातच झाडांसंबंधीचा सुपरिचित मजकूर येतो. अलीकडे तो 'पर्यावरणाचा जाहीरनामा' म्हणून उद्धृत होतो. मूळ संदर्भ पाहता चित्र निराळे दिसते. जहाजांसाठी लाकूड हवे आहे. साग वगैरे झाडे परवानगीने तोडावीत, उणे पडेल ते परमुलखातून विकत आणावे. पण आंबा, फणस यांना हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत वाढत नाहीत आणि रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. एखादे झाड जीर्ण झालेच असेल, तर धन्याला राजी करून व द्रव्य देऊन तोडावे, असा हा हुकूम आहे. यातील मुख्य मूल्य निसर्गसंवर्धनापेक्षा रयतेच्या मालमत्तेविषयीचा आदर हे आहे. संरक्षणासारख्या निकडीच्या कामासाठीही शासनाने संमतीशिवाय व मोबदल्याशिवाय प्रजेचे काही घेऊ नये, हा विचार 'पर्यावरण' या एका शब्दात बसविल्याने लहान होतो. सार्वजनिक प्रयोजनासाठी होणाऱ्या भूसंपादनाच्या चर्चेत हा उतारा अधिक उपयोगी ठरेल.

निवेदनशैली

'आज्ञापत्रा'चे गद्य आज्ञेचे आहे, परंतु त्याची रीत समजावून सांगण्याची आहे. प्रथम तत्त्व, मग कारण, मग ते न पाळल्यास होणारा अनर्थ आणि शेवटी आज्ञा असा क्रम बहुतेक ठिकाणी आढळतो. हवालदार, सबनीस, कारखाना हे फारसी मूळ असलेले शब्द आणि संस्कृतप्रचुर वाक्यरचना एकत्र नांदतात, कारण लेखकाला शास्त्रही सांगायचे आहे आणि कारभारही. राजाला कारण सांगण्याची गरज नसते. ज्याला आपले म्हणणे पटवायचे असते तोच कारणे देतो. म्हणूनच राजाच्या नावाने आलेल्या या आज्ञेत मंत्र्याचा आवाज ऐकू येतो.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. 'आज्ञापत्र' हे शिवकालीन धोरणाचे निर्विकार प्रतिबिंब नसून १७१५ च्या विशिष्ट राजकीय परिस्थितीत त्या वारशाचा लावलेला अन्वयार्थ आहे. अर्थव्यवहार, आरमार आणि टोपीकर यांबाबत त्यातील सावधगिरी दूरदृष्टीची ठरली. दुर्गांविषयीची भूमिका मात्र बदलत्या युद्धतंत्रापुढे अपुरी पडली. वतनव्यवस्थेचा राज्याला होणारा धोका त्याने अचूक ओळखला, पण त्या व्यवस्थेच्या तळाशी असलेल्या माणसापर्यंत त्याची दृष्टी पोहोचली नाही.

ज्या करवीर दरबारासाठी हा ग्रंथ लिहिला गेला, त्याच्या हाती मराठी राज्याची सूत्रे पुढे राहिली नाहीत. १७३१ च्या वारणेच्या तहाने त्याचे क्षेत्र मर्यादित झाले. ज्या साताऱ्याला व पुण्याला या इशाऱ्यांची सर्वाधिक गरज होती, तेथील धोरण मात्र वेगळ्या वाटेने गेले. ग्रंथ उपलब्ध असणे आणि तो निर्णयकर्त्याच्या उपयोगी पडणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. आज तो अभ्यासक्रमात आहे आणि भाषणांतही आहे. तो वाचला जावा, त्याच्याशी वाद घातला जावा आणि त्यातील मौनाचीही नोंद घेतली जावी, एवढी अपेक्षा बाळगणे वावगे ठरणार नाही.